छोट्या ठिकाणी गेलेली शहनाज

शहनाज, तू गेल्याची बातमी मी फोनमधल्या त्याच मोठ्या ठिकाणी टाकली, जिथं पुन्हा पाऊल ठेवणार नाही असं तू मला तोंडावर सांगितलं होतंस. दुसरं कुठं टाकणार होते? माझी माणसं तिथंच होती. संध्याकाळपर्यंत खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. फुलं, मेणबत्त्या, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. एकानं सवयीनं ‘अभिनंदन’ लिहिलं आणि थोड्या वेळानं काढून टाकलं. मधेच कुणीतरी विचारलं होतं, “या ताई कोण होत्या?” ज्या गटात हा प्रश्न आला, तो गट तू सुरू केला होतास. त्या प्रश्नाच्या खाली एकानं संकरित मिरचीच्या रोपांची जाहिरात चिकटवली होती. मी जाहिरात काढली, विचारणाऱ्याला दोन ओळींत उत्तर दिलं आणि फोन पालथा ठेवला. रडू आलं नाही. तुझ्याशी भांडावंसं मात्र वाटलं, कारण हे सगळं बघून तू काय म्हणाली असतीस ते मला शब्दासकट ठाऊक होतं.

आपली ओळख तशी उशिराचीच. दोघींचीही चाळिशी उलटलेली. मी मंठ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि आम्हा शिक्षकांना संगणक शिकवायला जालन्यात बोलावलेलं. तू ज्युनियर कॉलेजात संगणक शिकवायचीस, म्हणून तुला आमच्या डोक्यावर बसवलं होतं. मला माऊस नीट धरता येत नव्हता. तू मागून आलीस आणि म्हणालीस, “मॅडम, उंदीर हाय तो, चावत न्हाई. जरा ढिला धरा.” जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यात वाळकाच्या फोडी होत्या. तू फोड उचललीस, खाल्लीस, बी जिभेवर घोळवलंस आणि ते कुठलं म्हणून विचारलंस. मी सांगितलं की सासूबाई दरवर्षी बी राखेत घोळून ठेवतात, बाजारातून आणत नाहीत. तुझा पुढचा प्रश्न होता, मला देता का. माझं नाव तू त्यानंतर विचारलंस.

पुढच्या खेपेला तू तुझ्या अम्मीकडच्या वालाचं बी आणलंस, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी. जालन्यात मस्तगडला तुझ्या नवऱ्याच्या, इक्बालभाईंच्या, कापडाच्या दुकानावर तुमचं घर, आणि घरावर गच्ची. त्या गच्चीत रंगाच्या रिकाम्या बादल्या, फुटका माठ, कुलरची गंजलेली टाकी, सगळ्यांत काही ना काही लावलेलं. मी पहिल्यांदा आले तेव्हा तू मला दिवाणखान्यात न बसवता सरळ वर नेलंस. तेव्हापासून तू मला मॅडमही म्हणायचीस आणि तूही म्हणायचीस. “मॅडम, तू बस इथं, मी चहा घेऊन येते.” ही तुझी भाषा मी दुसऱ्या कुणाकडं ऐकली नाही.

गटाची कल्पना तुझी, नाव माझं. ‘आपल्या दारचं बी’. तू गच्चीचा फोटो लावलास आणि आपण दोघी चालक झालो. सुरुवातीला अंबडच्या, परतूरच्या चार बायका होत्या. मग राजूरहून दत्ताभाऊ आला. गणपतीच्या देवळाजवळ नारळ-फुलांचं दुकान आणि मागं थोडी जमीन असलेला हा माणूस पहिल्या दिवसापासून सगळ्यांना आपल्या दोडक्याचे फोटो दाखवत सुटला होता. ज्याच्याकडं जे जास्त, ते तो सांगायचा. ज्याला हवं, तो मागायचा. पुड्या पोस्टानं जायच्या, कुणी जालन्याला निघालं तर त्याच्या पिशवीत यायच्या. काटेरी वांगं, गावरान काकडी, शेंदाडं, अंबाडी. एका बाईनं कर्नाटकातून तुला लाल भेंडीचं बी पाठवलं आणि तू ते तीन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलीस. इक्बालभाई म्हणाले, एवढं तर लग्नातले दागिने पण दाखवले नव्हतेस.

मग गट वाढला. आधी आपण खूश झालो, हे खरं सांगायला हवं. हजारावर गेल्यावर तू शिरखुर्म्याचा डबा घेऊन मंठ्याला आलीस, ईद नसताना. पुढं तो आकडा आपण बघायचंच सोडलं. कारण गट वाढत होता आणि बी कमी होत होतं. दुधीच्या पानांवर पांढरी भुकटी का येते, असं तू विचारलंस तर ते कुणाला दिसायचंच नाही. ‘आपलं बियाणं कुणी संपवलं’ असं कुणी दोन शिव्या घालून लिहिलं की तालुक्याचा तालुका तिथं जमायचा. तू बसून बघायचीस की कोणतं लिखाण वर येतं, कोणतं खाली जातं. तू संगणकवाली. मला म्हणालीस, हे आपोआप होत नाही, तसं ते बांधलेलंच आहे. मी तेव्हा तुझं मनावर घेतलं नाही. मला वाटलं, चार टवाळ आलेत, जातील.

ते गेले नाहीत, त्यांनी दुकान मांडलं. तुझ्या गच्चीचा फोटो, आपल्या गटाचं नाव, आणि खाली ‘अस्सल गावरान बियाणं घरपोच’. कोण विकत होतं ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. भोकरदनकडची एक बाई ती पाकिटं घेऊन तुझ्या दारात आली, तेव्हा मी योगायोगानं तिथं होते. पत्ता विचारत विचारत आली होती. पाकिटावरचा फोटो आणि तुझी गच्ची ताडून बघितली तिनं. चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, “बाई, एकबी कोंब आला न्हाई. माझं पाणी चुकलं का?” पाकिटात काय होतं ते तू फोडून बघितलंस. जुनं, पोचट, औषधाचा रंग लावलेलं बी. तू तिला ते तुझं नाही हे समजावून सांगितलंस, चहा दिलास, तुझ्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं बी बांधून दिलंस. ती गेल्यावर तू गच्चीच्या जिन्यावर बसून राहिलीस.

त्या मोठ्या ठिकाणच्या मालकांकडं तू तक्रार केलीस. तुझ्या खात्यावरून, मग माझ्या, मग इक्बालभाईंच्या. दर वेळी तेच उत्तर आलं, की तपासणी झाली आणि नियमाविरुद्ध काही आढळलं नाही. एवढ्या घाईनं यायचं की कुणी माणसानं वाचलं असेल असं वाटायचं नाही. आणि त्याच आठवड्यात, तू गटात लोकांना सावध केलंस म्हणून, एकानं लिहिलं की शहनाज नावाच्या बाईनं आम्हाला गावरान शिकवू नये.

त्यावर लोकांनी बदाम टाकले, शहनाज. आपल्या ओळखीच्या दोघातिघांनीही. मी वाचल्या वाचल्या ते काढून टाकलं आणि तुला फोन केला. मला वाटलं, तुला बरं वाटेल.

तू म्हणालीस, “मॅडम, कशाला काढलं? राहू द्यायचं होतं.”

मी का म्हणून विचारलं.

“एक काढलं की धा येतेत. आणि त्या ठिकाणाला बी तेच पायजे. भांडण झालं की लोक थांबतेत. थांबले की त्यांना जाहिरात दाखवता येते. आपण दोघी तिथं फुकटात झाडू मारून राह्यलो.”

तुझा आवाज रागाचा नव्हता. हिशेब संपल्यासारखा होता. मला तोच जास्त लागला.

त्यानंतर तू मला छोट्या ठिकाणांबद्दल सांगायला लागलीस. कुणी एक मालक नाही. ज्याचं त्याचं वेगळं घर, ज्याच्या त्याच्या घराचे वेगळे नियम, पण घराघरात येणं-जाणं. एका घरात खातं असलं की दुसऱ्या घरातल्या माणसाशी बोलता येतं. कुणाचं लिखाण वर ढकलायचं, कुणाचं दाबायचं, असलं काही नाही. जे लिहिलं ते लिहिलं त्या क्रमानं दिसतं. पुण्यातल्या काही लोकांनी असं घर उघडलेलं होतं, तिथं तू आधी पाहुणी म्हणून राहून आली होतीस. मला ते ऐकायला छान वाटलं आणि पटलं मात्र नाही. मी विचारलं, तिथं माणसं कुठं आहेत? तू म्हणालीस, आपण गेलो की होतील.

“शहनाज,” मी म्हटलं, “आमच्याकडं तांड्यावरची बाई फोनमध्ये तेवढं एकच ठिकाण उघडते. तिला दुसरं काही येत नाही. ती तुझ्या घरी कशी येणार?”

तू म्हणालीस, “मंग खोटी पुडी बी तिला तिथंच मिळते ना.”

आपलं भांडण एवढंच होतं. पुढची तीन वर्षं आपण ते वेगवेगळ्या शब्दांत भांडलो. तांड्यावरच्या बाईचं उत्तर तू मला दिलं नाहीस. खोट्या पुडीचं मी तुला दिलं नाही. दोघींनाही दुसरीचा प्रश्न खरा वाटत होता, म्हणून ते संपलं नाही.

गट तू माझ्या हवाली केलास. जाताना चार ओळी लिहिल्यास, की मी आता दुसरीकडं आहे, ज्याला बी हवं त्यानं तिथं यावं, पत्ता हा. त्या चार ओळी किती जणांना दिसल्या देव जाणे. दुसऱ्या दिवशी एका बाईनं मला विचारलं, शहनाजताई हल्ली दिसत नाहीत, बऱ्या आहेत ना?

कॉलेजनं मोडीत काढलेला एक संगणक तू घरी आणलास आणि खाटेखाली ठेवलास. नवं घर त्याच्यात. नाव ठेवलंस ‘आळं’. झाडाच्या बुडाशी पाणी थांबावं म्हणून माती ओढून करतात, ते आळं. मी म्हटलं, लोक अळी वाचतील आणि औषध मारायला येतील. तू हसलीस, पण नाव बदललं नाहीस. मस्तगडला लाईट गेली की आळं बंद पडायचं. मग इन्व्हर्टरवर काय चालवायचं यावरून तुमच्या घरात वाद. इक्बालभाई म्हणत फ्रिज, तू म्हणायचीस संगणक. शेवटी उन्हाळ्यापुरता फ्रिज जिंकला आणि तुझ्या माणसांना सांगावं लागलं, की दुपारी लाईट गेली तर दार बंद राहील, राग मानू नका.

दत्ताभाऊ तुझ्यामागं गेला. आधी तुझ्या घरात खातं, मग त्याला स्वतःचंच घर हवं झालं. तू दोन रविवार राजूरला जाऊन त्याला ते मांडून दिलंस. त्याचा एकच नियम होता. चतुर्थीला देवळात गर्दी असते, त्या दिवशी मला कुणी काही विचारायचं नाही. हे तू मला सांगत होतीस तेव्हा डोळ्यांत पाणी येईतो हसत होतीस.

सगळं काही गोड नव्हतं, तेही तूच सांगितलंस. कधी कधी चार-चार दिवस कुणी काही लिहायचं नाही. तू एकटीच रोज गच्चीचा हालहवाल लिहीत बसायचीस. एकदा दत्ताभाऊनं कुठल्याशा कंपनीच्या टोमॅटोचा फोटो टाकला म्हणून बाहेरच्या एका घरानं राजूरशी येणं-जाणंच तोडलं. तू मध्ये पडलीस तर तुझ्याशीही तोडलं. मला वाटलं, आता ही म्हणेल की मॅडम, तुझंच बरोबर. तू म्हणालीस, “इथं बी माणसंच हायेत. फरक एवढाच, की भांडण झालं तर कुणाच्या दारावर जाऊन थाप मारायची ते माहीत असतं.” मग खरंच तू त्या माणसाचा फोन मिळवलास, त्याच्याशी तासभर बोललीस. तरी त्यानं ऐकलं नाही. तू ते सोडून दिलंस.

सासूबाईंच्या दुखण्यात तू मंठ्याला आलीस, तेव्हा त्यांनी तुला विचारलं होतं की तुझ्या त्या जागेत किती लोक आहेत. तू म्हणालीस, चाळीस-पन्नास. त्या म्हणाल्या, “मंग सगळ्यांची नावं पाठ असतील.” तू बोटांवर मोजायला लागलीस. एक नाव काही केल्या आठवेना. चहा झाला, आपण स्टँडवर आलो, गाडी लागली, तरी तू त्या एका नावातच होतीस. गाडीच्या खिडकीतून तू ओरडून ते नाव मला सांगितलंस. मला आता ते आठवत नाही.

एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. आळ्यात बाहेरच्यालाही वाचता यायचं, खातं लागायचं नाही. मी वाचत होते. रोज नाही, पण शाळेतून आल्यावर चहा पिताना बऱ्याचदा. तू लिहायचीस, आज कारल्याला मांडव केला. कुणी लिहायचं, आमच्याकडं वारं सुटलंय. मोठ्या गटातली दिवसभराची भांडणं आवरून मी तुझ्या दारात येऊन उभी राहायचे. आत येत नव्हते, कारण आत आले तर आपलं भांडण मी हरले असं झालं असतं. हे तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, याचा विचार केला. बहुतेक तू काहीच न बोलता चहा टाकला असतास.

शेवटचा फोन साधाच झाला. इक्बालभाईंचा गुडघा, माझ्या शाळेतली तपासणी. ठेवताना तू म्हणालीस, “मॅडम, एकदा येऊन तर बघ आळ्यात. राहू नको. नुसतं बघ.” मी म्हटलं, बघू. माणूस बघू म्हणतो तेव्हा पुढं दिवस आहेत असं धरूनच म्हणतो.

कॉलेजात शिकवता शिकवता तू खाली बसलीस आणि दवाखान्यातून परत आली नाहीस. निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. जालन्याला पोचले तोवर जनाजा निघून गेला होता. दुकानाचं शटर खाली, जिन्यात चपलाच चपला. वर बायकांत तुझी बहीण रेहाना बसली होती, तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. बसल्या बसल्या माझं लक्ष खोलीच्या कोपऱ्यात गेलं. गाद्या घालायला जागा हवी म्हणून खाट उभी केलेली, आणि तुझा संगणक भिंतीला सरकवलेला. वायर गुंडाळून वर ठेवलेली, त्यावर चादर. म्हणजे आळं बंद होतं. मी बघितलं आणि नजर वळवली. मयताच्या घरात कुणी वायरीचं विचारत नाही.

काही दिवसांनी दत्ताभाऊचा फोन आला. तो आधी तुझ्याबद्दल बोलला, अडखळत. मग म्हणाला, “ताई, आळं उघडून न्हाई राह्यलं. इतर घरांतले लोक मला विचारतेत. आळ्यातल्यांना तर बाई गेल्या हेच माहीत न्हाई.” तुझं जे लिखाण त्याच्या राजूरच्या घरापर्यंत येऊन पोचलं होतं, ते त्याच्याकडं शाबूत होतं. तिकडचं दार बंद झालं तरी इकडं आलेलं जात नाही, हे तूच त्याला शिकवलं होतंस. पण ज्यांची खातीच तुझ्या घरात होती, ती माणसं बाहेर उभी होती. दत्ताभाऊ म्हणाला, माझ्याकडं या म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पण कुणाला सांगू? त्यांचे पत्ते आळ्यातच आहेत.

मोठ्या ठिकाणी हजारो लोकांना तू गेल्याचं माहीत होतं, ज्यांना त्याचं काही नव्हतं. आणि ज्यांना रोज तुझी वाट होती, त्यांना माहीत नव्हतं. हे मी सांगून टाकते, त्यातून काही सिद्ध करत नाही.

मी मस्तगडला गेले. इक्बालभाई दुकानात बसायला लागले होते. मला बघून नोकराला गल्ल्यावर बसवलं आणि वर घेऊन आले. खाट परत जागेवर आली होती, संगणक तसाच चादरीखाली. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी विषय काढला. ते ओशाळले. म्हणाले, “मला वाटलं, ती गेली, आता मशीन कुणासाठी चालू ठेवायचं. बियांचं काही तरी करून राह्यलीय एवढंच मला माहीत होतं. कुणाला लागतंय का ते?”

मी म्हटलं, “चाळीस-पन्नास माणसांना.”

“बस? इतकेच?”

“इतकेच.”

ते म्हणाले, “मंग ते ओळखीचेच म्हणा की. त्यांना कळवलंच पायजे, मॅडम. आपण कुणालाच कळवलं न्हाई म्हणजे बराबर न्हाई झालं.”

त्यांनी स्वतः चादर काढली, वायर उलगडली, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि बटण दाबलं. पंखा घरघरायला लागला. मी फोनवर तुझा पत्ता उघडून बसले. बराच वेळ काही आलं नाही. मी दत्ताभाऊला फोन लावला, तो म्हणाला, थांबा, त्याला वेळ लागतो. आणि मग आळं उघडलं. सगळ्यात वर तुझं लिखाण होतं, तू गेलीस त्याच्या आदल्या दिवसाचं. वालाला फुलं आलीत, मुंग्या पण आल्यात. एवढंच.

इक्बालभाई उर्दू शाळेत शिकलेले, मराठी सावकाश वाचतात. म्हणाले, तुम्ही वाचा. मी वाचत मागं मागं गेले. मोसंबीच्या सालीचं खत करावं का यावर रंगलेला वाद त्यांना आवडला, टोमॅटोवरून राजूरशी तोडणाऱ्याला तू दिलेलं उत्तर आवडलं. आणि एका ठिकाणी तू लिहिलं होतंस, की माझ्या घरवाल्याला तुरई, म्हणजे आपला दोडका, चालत नाही, म्हणून मी ती किसून खट्ट्या दाळीत घोटते, दहा वर्षं झाली, अजून कळलं नाही. खाली बायकांनी हसून गोंधळ घातला होता.

इक्बालभाई म्हणाले, “मी तुरई खात न्हाई, मॅडम.”

“खाता,” मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले, तोंडावर हात ठेवून, आवाज खाली दुकानात जाऊ नये म्हणून. हसता हसता उठले, झाडांना पाणी घालायचं राहिलंय म्हणाले आणि गच्चीवर गेले. खाली यायला त्यांना वेळ लागला. मी तोवर एकटीच बसून राहिले. तू गेल्यापासून मला पहिल्यांदा रडू आलं ते तिथं, तुझ्या खाटेवर, त्या पंख्याच्या घरघरीत.

आळं चालू झालं तसं दत्ताभाऊनं राजूरच्या घरातून लिहिलं, की शहनाजबाई राहिल्या नाहीत. संध्याकाळी एकेक जण लिहायला लागला. फुलं-मेणबत्त्या नव्हत्या. अंबडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं की बाईंनी मला टाईप करायला शिकवलं, फोनवर, तीन महिने लागले. एकीनं लिहिलं की तुझ्याशी तिचं भांडण होतं आणि ते तिला मिटवायचं होतं. मला ती बाई फार जवळची वाटली.

तुझ्या आळ्याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, कुणाकडं नाहीत. दत्ताभाऊ म्हणतो, जोवर ते आपल्या आपण चालतंय तोवर चालेल, एखाद्या दिवशी बंद पडलं तर दुरुस्त करायला आत कुणी जाऊ शकणार नाही. लोकांनी हळूहळू बिऱ्हाड हलवावं. काहींनी राजूरला हलवलंय. अंबडचे गृहस्थ हलायला तयार नाहीत. मोठा गट मी सोडलेला नाही, तेही सांगून ठेवते. खोट्या पुड्यांवाला पुन्हा आला आहे, मी त्याच्यामागं आहे. तांड्यावरची बाई अजून तिथंच आहे. तू असतीस तर आपण यावरही बोललो असतो, आणि तू गाडीत बसेपर्यंत बोललो असतो.

आळं परत सुरू केलं त्या दिवशी निघण्याआधी इक्बालभाईंनी मला एक गोष्ट दाखवली. मी वाचून दाखवलं त्यात एका बाईनं तुला विचारलेलं होतं, आणि खाली काहीच नव्हतं. कारल्याची फुलं गळून जातेत, फळ धरत न्हाई, वेल काढून टाकू का? इक्बालभाईंनी विचारलं, “याला जवाब कोण देणार?”

मी म्हटलं, तुम्हीच द्या. ते म्हणाले, त्यांना कारलं फक्त खाता येतं.

आळ्यात खातं उघडायला गेले तर पुढं आलं, की चालकांनी मंजुरी दिल्यावर प्रवेश मिळेल. चालक तू. तुझ्या घरात मला आत घेणारं कुणी नव्हतं. मग मी दत्ताभाऊच्या घरी खातं मागितलं. कशासाठी यायचंय असं तिथं विचारतात, मी खरं ते लिहिलं, की शहनाजला आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. त्यानं लगेच आत घेतलं. राजूरच्या दारातून मी तुझ्या घरात आले आणि त्या बाईला लिहिलं, वेल काढू नका. पहिली फुलं नराची असतात, ती गळतातच. मागं बारीक कारलं घेऊन येतील, त्या फुलांची वाट बघा.

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. “बरं. थांबते.”

मी ते इक्बालभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, संगणकावर परत घालायला हातात घेतलेली चादर घडी करून कपाटात ठेवली आणि खाली दुकानात गेले.